दोन हरवलेली शहरं आणि एक सुई



१६६६ साली लंडन शहर आगीत जळालं, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांनी शाळेत नाहीतर एखाद्या क्विझमध्ये ऐकलेलं असतं. पण जळण्याआधीचं लंडन दिसायचं कसं? पुलावर घरं कशी होती, नाटकाचं थिएटर गोल होतं की चौकोनी, मोठ्या चर्चच्या आत खांब किती उंच होते? तेव्हा कॅमेरा नव्हता. तरीही आज यातलं बरंच काही आपल्याला माहीत आहे, आणि ते मुख्यतः एका माणसामुळे.

गंमत अशी की हा माणूस इंग्रज नव्हता. त्याचा जन्म लंडनपासून हजारेक किलोमीटरवर, प्रागमध्ये झाला. घरचं नाव वात्स्लाव होलार. पुढे जगाने त्याला वेन्सेस्लाउस होलार म्हणून ओळखलं. आजच्या लेखात त्याचीच ओळख करून घेऊ या. तुमच्यातले कितीतरी जण शिक्षणासाठी, नोकरीसाठी नाहीतर लग्न होऊन दुसऱ्या शहरात स्थायिक झालेले असतील. त्यांना हा माणूस चारशे वर्षांपूर्वीचा असूनही फार परका वाटणार नाही.

प्रागचा मुलगा

होलारचा जन्म जुलै १६०७ मधला. वडील सरकारी दप्तरात अधिकारी होते. खाऊनपिऊन सुखी, मान असलेलं घर. मुलाने कायदा शिकावा आणि वडिलांसारखी नोकरी धरावी, असं घरात ठरलेलं. मुलाला मात्र लहानपणापासून बारीक चित्रं काढायचा नाद. वडिलांनी त्याला यातून मागे ओढायचा बराच प्रयत्न केला, असं होलारच्या पुढे छापलेल्या एका व्यक्तिचित्राखालच्या मजकुरातच लिहिलेलं आहे. म्हणजे 'चित्रं काढून पोट भरतं का' हा प्रश्न तेव्हाही होताच!

पण लवकरच वडिलांच्या आणि मुलाच्या भांडणापेक्षा मोठं भांडण दारात आलं. १६१८ साली प्रागमध्येच त्या युद्धाची ठिणगी पडली, ज्याला इतिहासात तीस वर्षांचं युद्ध म्हणतात. कॅथलिक सम्राट एका बाजूला, बोहेमियातले बंडखोर प्रोटेस्टंट सरदार दुसऱ्या बाजूला. नोव्हेंबर १६२० मध्ये प्रागबाहेरच्या पांढऱ्या टेकडीवर लढाई झाली आणि बंडखोर हरले. पुढच्या जूनमध्ये शहराच्या जुन्या चौकात २७ पुढाऱ्यांना जाहीरपणे ठार मारलं गेलं. त्यातल्या १२ जणांची मुंडकी नदीवरच्या पुलाच्या बुरुजावर टांगली गेली, आणि ती पुढे कित्येक वर्षं तिथेच होती. होलार तेव्हा चौदाव्या वर्षात होता.

१६२७ मध्ये बोहेमियात नवा कायदा आला. कॅथलिक धर्म स्वीकारा, नाहीतर देश सोडा, असा त्याचा रोख होता. त्याच वर्षी वीस वर्षांच्या होलारने प्राग सोडलं. पुढे त्याचा जन्म परमुलखातच गेला.

तांब्याचा पत्रा, मेण आणि आम्ल

होलार जर्मन शहरांतून फिरला. फ्रँकफुर्टमध्ये त्याने माथेउस मेरियान नावाच्या नामवंत प्रकाशकाकडे काम केलं. मेरियानच्या शहरांच्या चित्रांना युरोपभर मागणी होती. होलारने तिथे एचिंगचं तंत्र चांगलं हाताखालून घातलं.

हे एचिंग म्हणजे काय, ते थोडक्यात सांगायला हवं, कारण त्याशिवाय होलारच्या कामाची किंमत कळत नाही. तांब्याचा गुळगुळीत पत्रा घ्यायचा. त्यावर मेणाचा पातळ थर द्यायचा. मग सुईने त्या मेणावर चित्र कोरायचं. जिथे रेघ ओढली तिथलं मेण निघतं आणि खालचं तांबं उघडं पडतं. मग पत्र्यावर आम्ल ओतायचं. ते मेणाला काही करत नाही, पण उघड्या तांब्याला खातं. अशा रीतीने प्रत्येक रेघेची एक बारीक चर तयार होते. मेण पुसून टाकायचं, चरांमध्ये शाई भरायची, वरची शाई पुसायची, ओलसर कागद ठेवायचा आणि पत्रा दोन रुळांच्या मधून दाबून काढायचा. कागदावर चित्र उमटतं. एकाच पत्र्यावरून अशा शेकडो प्रती निघतात.

आता यातली खरी मेख बघा. छापलेलं चित्र उलटं येतं, आरशात दिसतं तसं. म्हणजे डावीकडचा पूल पत्र्यावर उजवीकडे कोरायचा, नावांची अक्षरं उलटी कोरायची. रेघ चुकली तर खोडरबर नाही. आणि होलारची नजर अधू होती! त्याच्या ओळखीच्या लोकांनी लिहून ठेवलंय की त्याला लांबचं नीट दिसत नसे, डाव्या डोळ्यात दोष होता, आणि काम करताना तो त्या डोळ्यापुढे हात धरत असे. पण काम इतकं बारीक, की त्याची खरी करामत बघायला भिंग लागायचं.

अर्लची नोकरी

१६३६ साली होलार कोलोनमध्ये होता. कशीबशी गुजराण चालली होती. तेवढ्यात इंग्लंडचा एक बडा सरदार, अरंडेलचा अर्ल थॉमस हॉवर्ड, सम्राटाकडे वकील म्हणून जाताना त्या वाटेने आला. हा अर्ल कलावस्तूंचा वेडा होता. लिओनार्दो, ड्यूरर, होल्बाइन अशांच्या चित्रांचा आणि रेखाटनांचा मोठा साठा त्याच्याकडे होता. त्याला हा भराभर आणि जिवंत रेखाटनं करणारा तरुण आवडला. त्याने होलारला बरोबर घेतलं.

अर्लचा लवाजमा नदीमार्गाने आणि खुष्कीने व्हिएन्नापर्यंत गेला आणि तिथून प्रागलाही गेला. नऊ वर्षांनी होलार आपल्या गावात पाऊल ठेवत होता, तेही एका परदेशी सरदाराच्या नोकरीत. या मुक्कामात त्याने पेत्रिन टेकडीवर चढून खाली पसरलेल्या संपूर्ण शहराचं रेखाटन केलं. ते कागद त्याने जपून ठेवले. त्यांचं पुढे काय झालं ते लवकरच येईल.

१६३६ च्या अखेरीस होलार लंडनमध्ये पोचला. अर्लच्या घरी चांगले दिवस होते. तो अर्लच्या संग्रहातल्या चित्रांवरून मुद्राचित्रं करत होता आणि मोकळ्या वेळात शहर बघत होता. १६४० मध्ये त्याने इंग्लंडमधल्या बायकांच्या पोशाखांची २६ चित्रांची मालिका छापली. सरदारघरच्या बाईपासून खेडवळ बाईपर्यंत सगळ्यांचे कपडे त्यात आहेत, लेसच्या कॉलरसकट. त्या काळच्या इंग्रज बायका काय घालत होत्या, हे आज सिनेमा-नाटकांच्या वेशभूषाकारांना हवं असेल, तर हाताशी असलेल्या उत्तम पुराव्यांपैकी हा एक. १६४१ मध्ये अर्लच्या बायकोच्या सेवेत असलेल्या मार्गारेट ट्रेसीशी त्याने लग्न केलं. मुलं झाली. परमुलखात बस्तान बसतंय असं वाटायला लागलं होतं.

आणि १६४२ मध्ये इंग्लंडमध्ये यादवी युद्ध सुरू झालं. राजा एका बाजूला, पार्लमेंट दुसऱ्या बाजूला. अर्ल देश सोडून गेला, तो परत आलाच नाही. १६४६ मध्ये इटलीत वारला. होलारचा आश्रय गेला. १६४४ मध्ये त्यानेही लंडन सोडलं आणि आजच्या बेल्जियममधल्या अँटवर्पची वाट धरली.

म्हणजे सदतीस वर्षांच्या वयात दुसऱ्यांदा घर मोडलं. दोन्ही वेळा कारण एकच, युद्ध.

दुसऱ्याच गावात बसून

वाचकहो, होलारच्या आयुष्यातली मला सगळ्यात हलवून टाकणारी गोष्ट या अँटवर्पच्या वर्षांतली आहे. तिथे त्याला कोणी बडा मालक नव्हता. प्रकाशकांसाठी मिळेल ते काम तो करत होता. शिंपले, फुलपाखरं, बायकांचे हातात घालायचे केसाळ मफ, काय म्हणाल ते. (त्या मफांची चित्रं जरूर बघा. नुसत्या काळ्या रेघांनी त्याने लोकरीचा मऊपणा असा काही आणलाय की बोट फिरवावंसं वाटतं.)

पण याच काळात त्याने दोन मोठी शहरचित्रं केली. १६४७ मध्ये लंडनचं आणि १६४९ मध्ये प्रागचं. ज्या दोन शहरांतून त्याला निघावं लागलं होतं, नेमकी तीच दोन. प्राग त्याने पेत्रिन टेकडीवरच्या त्या तेरा वर्षं जपलेल्या रेखाटनावरून केलं. आणि लंडन, निघण्याआधी करून ठेवलेल्या रेखाटनांवरून आणि आठवणीवरून.

लंडनचं हे चित्र 'लाँग व्ह्यू' म्हणून प्रसिद्ध आहे. थेम्स नदीच्या दक्षिण काठावर, सदर्कमधल्या चर्चच्या बुरुजावर उभं राहून दिसणारं शहर. अनेक पत्र्यांवर कोरलेलं, कागद जोडले की दोन मीटरहून लांब. खाली समोर सदर्कची छपरं, धुराडी, बागा. मध्ये नदी आणि तिच्यावर लहानमोठ्या होड्या. त्यात ईल मासे विकायला आलेल्या होड्यासुद्धा आहेत, आणि होलारने शेजारी तसं नाव घालून ठेवलंय. पलीकडे चर्चच्या मनोऱ्यांचं रान आणि सगळ्यांवर मान काढून उभं असलेलं सेंट पॉलचं जुनं कॅथीड्रल. उजवीकडे लंडन ब्रिज, वर दोन्ही बाजूंना घरांची रांग असलेला.

त्या पुलाच्या दक्षिणेकडच्या दरवाजावर नीट बघितलं तर काठ्यांसारखं काहीतरी दिसतं, आणि टोकांवर गोळे. ती राजद्रोह्यांची मुंडकी. प्रागच्या पुलावर मुंडकी टांगली गेली त्या काळात वाढलेल्या माणसाने, लंडनच्या पुलावरची मुंडकीही चित्रात घेतली. गाळली नाहीत आणि मोठी करून दाखवलीही नाहीत. जशी होती तशी, तेवढ्याच आकाराची.

याच चित्रात नदीकाठी दोन गोल इमारती आहेत. एक ग्लोब, म्हणजे शेक्सपिअरची नाटकं जिथे होत असत त्याच जागी पुन्हा बांधलेलं नाट्यगृह. दुसरी, जिथे अस्वलांवर कुत्रे सोडून लोक तमाशा बघत ती जागा. होलारच्या चित्रात या दोन इमारतींच्या नावांची अदलाबदल झाली आहे. ग्लोबवर अस्वलांच्या खेळाचं नाव आणि त्या खेळाच्या जागेवर ग्लोबचं. शहर समुद्रापलीकडे राहिलेलं; नाव ताडून बघायला जाणार कुठे?

नावं उलटी झाली, पण इमारतींचे आकार मात्र त्याच्या मूळ रेखाटनात चोख होते. ग्लोब १६४० च्या दशकातच पाडलं गेलं. साडेतीनशे वर्षांनी लंडनमध्ये ते नव्याने उभारायचं ठरलं, तेव्हा मूळ इमारत केवढी होती हे काढायला अभ्यासकांनी होलारच्या रेखाटनाची मापं घेतली. १९९७ मध्ये नवं ग्लोब सुरू झालं. आज तिथे जाऊन 'हॅम्लेट' बघणाऱ्या माणसाच्या डोक्यावरचं छप्पर थोडंसं या प्रागच्या माणसाचं देणं आहे.

वाळूचं घड्याळ

१६५२ मध्ये होलार लंडनला परतला. दरम्यान राजाचं डोकं उडवलं गेलं होतं, पार्लमेंटचं राज्य होतं. जॉन ऑब्री नावाचा त्याचा एक मित्र होता, त्याने ओळखीच्या माणसांबद्दल बरंच लिहून ठेवलंय. होलार त्याला म्हणाला होता की आपण पहिल्यांदा इंग्लंडला आलो तेव्हा गरीब-श्रीमंत सगळ्यांचे चेहरे हसरे होते. परत आलो तर तेच चेहरे उदास आणि कडवट झालेले, जणू कोणी करणी केली असावी. शहराचं वर्णन करताना हा माणूस इमारतींच्या आधी चेहरे बघत होता!

आता पोटापाण्यासाठी तो प्रकाशकांच्या हाताखाली तासावर काम करायचा. टेबलावर वाळूचं घड्याळ असे. कोणी भेटायला आलं, गप्पा सुरू झाल्या, की तो घड्याळ आडवं करून ठेवायचा. पाहुणा गेला की पुन्हा उभं. गप्पांच्या वेळाचा एक पैसाही त्याने कधी लावला नाही. दर काय? कोणी सांगतं तासाला चार पेन्स, कोणी सांगतं बारा. बाजारात त्याच्या चित्रांना मागणी होती, पण फायदा प्रकाशकाच्या खिशात जायचा. ऑब्रीने त्याच्याबद्दल लिहिलंय त्याचा मतलब असा की माणूस अगदी लाघवी आणि सरळ, पण व्यवहारात कच्चा.

याच काळात विल्यम डगडेल नावाच्या इतिहासकारासाठी त्याने सेंट पॉल कॅथीड्रलची चित्रं केली. ते कॅथीड्रल तेव्हा दुर्दशेत होतं. यादवीच्या काळात सैन्याने तिथे घोडे बांधले होते. छताचा काही भाग कोसळला होता. डगडेलला वाटलं, हे पडण्याआधी कागदावर उतरवलं पाहिजे. होलारने बाहेरून, आतून, थडग्यांपासून खिडक्यांपर्यंत सगळं कोरलं. १६५८ मध्ये पुस्तक निघालं.

त्यातल्या एका चित्रावर त्याने लॅटिनमध्ये एक ओळ घातली आहे. तिचा भाव असा: रोज कोसळण्याची वाट बघत असलेल्या या मंदिराचा कधीकाळचा चाहता, बोहेमियाचा वेन्सेस्लाउस होलार, याने त्याची आठवण अशी जपून ठेवली.

'बोहेमियाचा' हा शब्द बघा. प्राग सोडून तीस वर्षं झाली होती. मुलं, मित्र, काम, सगळं लंडनमध्ये. तरीही सही करताना तो नावापुढे हा शब्द लावत राहिला. एका हाताने लंडन जपत होता, दुसऱ्या हाताने आपलं गाव.

प्लेग, नकाशा आणि आग

१६६० मध्ये राजा परत आला. होलारला उमेद आली. त्याने एक मोठी योजना छापून लोकांपुढे मांडली. लंडनचा नकाशा करायचा, १० फूट रुंद आणि ५ फूट उंच. नुसते रस्ते नाहीत, प्रत्येक घर, प्रत्येक गल्ली, पक्षी वरून बघेल तशी. त्यासाठी वर्गणीदार हवे होते. हे काम झालं असतं तर त्याचं नाव आणि घर दोन्ही सावरलं असतं.

पुरेसे पैसे जमलेच नाहीत. १६६५ मध्ये लंडनमध्ये प्लेग आला. होलारचा मुलगा त्यात गेला. मुलगा हुशार होता, त्याचा हातही नाजूक चित्रं काढण्यात बसलेला होता, असं ऑब्रीने लिहिलंय. बापाचा हात पुढे चालवणारा हात गेला.

आणि पुढच्या वर्षी, २ सप्टेंबर १६६६ च्या पहाटे, पुडिंग लेनमधल्या एका बेकरीत आग लागली. चार दिवस शहर जळत होतं. सुमारे १३,२०० घरं आणि ८७ चर्च गेली. सेंट पॉलही गेलं. त्याच्या छतावरचं शिसं वितळून रस्त्याने वाहिलं.

ज्या शहराच्या घराघराचा नकाशा होलार करणार होता, त्यातला मोठा भाग आता राखेत होता. त्या भव्य नकाशाचा एकच तुकडा आज शिल्लक आहे, शहराच्या पश्चिमेकडचा. त्यातल्या खिडक्या मोजता येतात.

होलार तेव्हा एकोणसाठ वर्षांचा होता. तो पुन्हा नदीपलीकडे सदर्कला गेला. तोच बुरूज, तीच जागा. आणि त्याने एक चित्र केलं, वर एक खाली एक असं. वरच्या पट्टीत आगीआधीचं भरलेलं लंडन. खालच्या पट्टीत आगीनंतरचं लंडन. तीच नदी, तोच पूल, पण पलीकडे छपरं नसलेल्या भिंती आणि पोकळ मनोरे. आज आपण भूकंपाच्या नाहीतर पुराच्या बातमीत 'आधी आणि नंतर' असे फोटो बघतो ना, तेच त्याने १६६६ साली सुईने केलं. त्याने जळालेल्या भागाचा नकाशाही छापला. वाचलेल्या भागात घरं काढली आहेत, जळालेला भाग कोरा सोडलाय. तो पांढरा डाग इतका मोठा आहे की वेगळं काही लिहायची गरज राहत नाही.

त्याच वर्षी त्याला राजाचा अधिकृत दृश्यचित्रकार ही पदवी मिळाली. पदवी मोठी होती, पण त्याने घरात सुबत्ता काही आली नाही.

मुंबईचं जुळं भावंडं

इथे एक धागा आपल्याकडेही येतो. राजा दुसऱ्या चार्ल्सने पोर्तुगालच्या राजकन्येशी, कॅथरीनशी लग्न केलं, तेव्हा हुंड्यात त्याला मुंबईची बेटं मिळाली, हे आपल्याला ठाऊक आहे. पण त्याच हुंड्यात आणखी एक ठिकाण होतं. आफ्रिकेच्या उत्तर टोकावरचं, आजच्या मोरोक्कोमधलं टँजिअर बंदर. मुंबईची बेटं राजाने १६६८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. टँजिअर मात्र स्वतःकडे ठेवलं आणि तटबंदीवर आणि धक्क्यावर पैसा ओतला.

१६६९ मध्ये होलारला तिथे पाठवलं गेलं, किल्ला आणि बंदराची चित्रं करायला. बरोबर होता हेन्री हॉवर्ड, म्हणजे त्याच्या पहिल्या धन्याचा, अरंडेलच्या अर्लचा नातू. साठी ओलांडलेल्या होलारने तिथे सुंदर जलरंगी रेखाटनं केली. पेनच्या बारीक रेघा आणि वर रंगाचा हलका हात. परतताना त्यांच्या जहाजाला अल्जिअर्सच्या सात जहाजांनी गाठलं आणि तुंबळ लढाई झाली. होलार वाचला, आणि घरी येऊन त्याने त्या लढाईचंही एचिंग केलं!

टँजिअर इंग्रजांना परवडलं नाही. १६८४ मध्ये त्यांनी स्वतःच बांधलेला धक्का आणि तट सुरुंगाने उडवून दिले आणि निघून गेले. म्हणून इंग्रजी टँजिअर कसं होतं हे बघायचं तर तिथेही होलारचीच चित्रं उघडावी लागतात. हा माणूस जिथे जिथे कागद घेऊन बसला, ती जागा थोड्याच वर्षांत नाहीशी झाली, असं वाटावं. खरं तर जागा सगळ्याच बदलतात. फरक इतकाच की तिथे आधी कोणी बसून बघितलेलं होतं.

शेवटचं बिछानं

होलार २५ मार्च १६७७ रोजी लंडनमध्ये वारला. वय ६९. सुमारे २,७०० मुद्राचित्रं मागे ठेवून. शेवटी घरात पैसा नव्हता. अशी आख्यायिका आहे की तो मरणशय्येवर असताना कर्जवसुलीसाठी जप्तीची माणसं घरात शिरली. होलारने त्यांना एवढंच विनवलं की मला या बिछान्यावर मरू द्या, मग काय न्यायचं ते न्या. वेस्टमिन्स्टरच्या सेंट मार्गारेट चर्चच्या आवारात त्याला पुरलं.

त्याच्या मृत्यूच्या दोन वर्षं आधी नव्या सेंट पॉलचं बांधकाम सुरू झालं होतं. आज लंडनला गेलेला पर्यटक ज्या घुमटाचा फोटो काढतो, ते हे नवं. जुन्याची उंची, त्याचे खांब, त्याची कमानी छपरं कळतात ती मुख्यतः होलारच्या पत्र्यांवरून.

आणि प्राग? ज्या शहरातून तो विशीत निघाला, तिथे १९१७ मध्ये मुद्राचित्रकारांनी आपली संघटना काढली. तिला नाव दिलं 'होलार'. ती आजही चालू आहे. 'बोहेमियाचा' म्हणून आयुष्यभर सही केली, त्याची पावती अडीचशे वर्षं उशिरा का होईना, आली.

आता तुमच्या हातातलं भिंग

वाचकहो, होलारची चित्रं बघायला भिंग लागायचं असं मघाशी सांगितलं. आज ते भिंग तुमच्या हातात आहे, याच फोनमध्ये. कॅनडातल्या टोरोंटो विद्यापीठाच्या ग्रंथालयाने त्याची शेकडो चित्रं सगळ्यांना बघण्यासाठी खुली ठेवली आहेत. 'लाँग व्ह्यू' उघडा आणि दोन बोटांनी चित्र मोठं करत जा. घरात लहान मुलं असतील तर त्यांना शेजारी बसवा. ईल माशांच्या होड्या कोणाला आधी सापडतात, ते बघा. पुलाच्या दरवाजापाशी पोचलात तर मुलांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा!

आणि एक काम सांगू? तुम्ही ज्या शहरात राहता, ते तुमच्या जन्माचं असो नाहीतर पोटापाण्याचं, तिथली एखादी अशी जागा निवडा जी रोज दिसते म्हणून कोणी बघत नाही. कोपऱ्यावरची पिठाची गिरणी, जुन्या चाळीचा जिना, बसस्टॉपमागचा पिंपळ. तिचा एक नीट फोटो काढा, नाहीतर जमेल तसं चित्र. मागे तारीख आणि जागेचं नाव लिहा. नाव बरोबर लिहा बरं का! होलारसारख्या होलारचीसुद्धा दोन नावं अदलाबदल झाली होती.

दहा वर्षांनी तिथे कदाचित मॉल असेल. तुमच्या कागदावर मात्र गिरणी चालू असेल.

पुढच्या लेखात पुन्हा भेटूच. तोवर डोळे उघडे ठेवा.